बहिरेपणाचा दाखला

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि माझे मोठे दीर बहिरे होऊन त्याहून थोडी जास्त. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, मुरुडच्या बाजूला. माझं माहेर मुंबईतल्या एका कोळीवाड्यातलं. मी सातवी पास होते आणि सासरच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. कोळंबी सोलायला बसलं की त्या शिक्षणाचा काही उपयोग व्हायचा नाही, उलट बायका हसायच्या, कारण माझा हात चालत नसे.

मोठ्या दिरांना मी दादा म्हणत असे. लढाईच्या काळात ते आरमारात भरती झाले होते, जहाजावर, तोफेवर. एक दिवस तोफेजवळच मोठा स्फोट झाला. दोन माणसं जागीच गेली. दादांच्या दोन्ही कानांतून रक्त आलं, ते दोन-तीन दिवस येत राहिलं, मग थांबलं. स्फोटाचा तो आवाज त्यांनी ऐकलेला शेवटचा. लढाई संपली, माणसं घरी पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा एका टेबलामागे बसलेल्या कारकुनाने त्यांना काहीतरी विचारलं. रांगेतले पुढचे सगळे मान हलवून नाही म्हणत होते, म्हणून दादांनीही मान हलवली आणि हसले. कारकुनाने लिहून टाकलं, तक्रार नाही. त्या दोन शब्दांनी आमची पुढची कितीतरी वर्षं खाल्ली.

मला हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. ते बोलत खूप मोठ्याने, कारण आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नसे. आमच्यात सुनेने मोठ्या दिरासमोर मान खाली घालून, हळू बोलायचं. पण दादांना ओठांवरून शब्द कळत. मान खाली घातली की मी मुकीच. तिसऱ्या दिवशी ते भर अंगणात ओरडले, "पोरी, तोंड वर कर. मना तुझा तोंड दिसला न्हाय तर तू घरान हाय का न्हाय ते पन कलनार न्हाय." सगळी आळी हसली. मी तोंड वर केलं ते कायमचंच.

दादांचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. होडीवरही त्यांना कुणी घेईना. समुद्रात एका हाकेवर माणसाचा जीव जातो आणि वाचतो, बहिऱ्याला बरोबर कोण नेणार? माझा नवरा त्यांना आपल्या होडीत नेई, तेवढंच. गावात लोक त्यांच्याबद्दल कळवळून बोलत. मीही तशीच बोलत असे, एका दिवसापर्यंत.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. रेवदंड्याच्या बाजारात मासळी देऊन आम्ही चौघं होडीने परतत होतो, सासू, नवरा, दादा आणि मी. खाडीच्या तोंडाशी वारा पडला. घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो, आणि होडी चालवणारे जुने तांडेल वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं कानाला लावतात आणि तो ऐकतात, हे मी माहेरीही पाहिलं होतं. दादांनी वल्हं पाण्यात सोडलं. मला वाटलं, बिचाऱ्याची जुनी सवय. पण त्यांनी दांडा कानाला लावला नाही. त्यांनी तो दातांत धरला, डोळे मिटले आणि हाताचा पंजा वर केला. आम्ही कुणी हललो नाही.

बराच वेळ गेला. मग त्यांनी दांडा तोंडातून काढला आणि बोट दाखवलं. "थं. खाली. एक मोठी हाय, तिच्यामागं बारक्या."

नवऱ्याने होडी तिकडे घेतली. जाळं सोडलं, थांबलो, ओढलं. पहिली वर आली ती माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी घोळ होती, सोन्याचं पाणी दिल्यासारखी चकाकणारी. तिच्यामागे दोन लहान. मी माशांकडे पाहतच नव्हते. मी त्या माणसाकडे पाहत होते. हा बाहेरच्या जगाला मेलेला आहे असं आम्ही धरून चाललो होतो, आणि पाण्याखाली कोण कुणामागे चाललंय ते तो दातांनी वाचत होता.

एवढं असूनही होडीवर जागा नव्हती ती नव्हतीच. दातांनी मासा कळतो, पण मागून डोलकाठी पडत असली तर ते कळत नाही. म्हणून अर्जाचा विषय निघाला. लढाईत जायबंदी झालेल्यांना सरकार पेन्शन देतं असं कुणीतरी सांगितलं होतं. मी कागद घेऊन बसले. मला वाटलं होतं, माणूस बहिरा आहे, गावाला माहीत आहे, लिहिलं की झालं.

पहिलं उत्तर आलं, डॉक्टरचा दाखला जोडा. जोडला. दुसरं आलं, बहिरेपण नोकरीत असताना आलं याचा पुरावा द्या. आम्ही लिहिलं, स्फोट झाला होता, जहाजावरच्या कुणालाही विचारा. तिसरं उत्तर यायला एक पावसाळा गेला. ते इंग्रजीत होतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सोडताना यांनी तक्रार नाही असं सांगितलंय, म्हणतात. तेव्हा बहिरेपण नंतरचं आहे. अर्ज नामंजूर."

मी चिडले. त्या रागात मराठीत एकच वाक्य लिहिलं आणि मास्तरांना म्हटलं, एवढंच इंग्रजीत करून द्या. वाक्य असं होतं: तक्रार आहे का असे अर्जदारास तोंडी विचारले होते आणि तो प्रश्न अर्जदारास ऐकू आला नाही.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "यापुढे आणखी काही लिहायचं नाही?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्या वाक्यावर मुंबईच्या मेडिकल बोर्डापुढे हजर राहण्याचा हुकूम आला. मी बरोबर जाणार हे न बोलताच ठरलं. दादांना माझे ओठ सगळ्यात चांगले वाचता येत आणि मला मुंबई माहीत होती. सकाळी तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, एसटीने रेवस, रेवसहून लाँचने भाऊचा धक्का. लाँचमध्ये दादा मला मोठमोठ्याने सांगत होते की इंजिनाचं एक नळकांडं, म्हणजे सिलिंडर, नीट पेटत नाहीये. ते लाँचच्या फळ्यांवर उघडे पाय ठेवून बसले होते. लाँचवाल्याने ते ऐकलं आणि चमकून विचारलं, "यांना कुणी सांगितलं? मी दोन दिवस तेच म्हणतोय." मी म्हटलं, यांना ऐकू येत नाही. मी खोटं बोलतेय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला यातून शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही.

बोर्ड इस्पितळाच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरत होतं. पायाखाली जमीन लाकडी फळ्यांची, जुनी, चालताना करकरणारी. मला बाहेर बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं. टेबलापलीकडे तिघे साहेब. दादा त्यांच्यासमोर अनवाणी उभे, कारण वहाणा दाराबाहेर काढायला सांगितलं होतं. कानात दिवा घालून पाहिलं, कागदावर लिहिलं. मग एक तरुण डॉक्टर दादांच्या मागे गेला. त्याच्या हातात औजारांचं लोखंडी तबक होतं. त्याने ते उंच धरलं आणि सोडून दिलं.

दादा गर्रकन वळले.

तिघेही हसले. मोठ्याने नाही, लबाड पोराची लबाडी पकडल्यावर थोरली माणसं हसतात तसे. तरुण डॉक्टरने तबक उचललं आणि मराठीतच म्हणाला, "जा बाबा. तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत." दादांनी त्याचे ओठ वाचले. त्यांचा चेहरा असा झाला की मी बाकावरून उठले, पण शिपायाने मला दारातच अडवलं.

भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत आम्ही बसलो होतो. दादांनी विचारलं, "काय लिवला त्यांनी?"

कागद माझ्या हातात होता. त्यातला इंग्रजी शब्द मला कळला नव्हता, पण शिपायाने जाता जाता अर्थ सांगितला होता. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "ढोंग."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मना ऐकू न्हाय आला. मना कलला. तलपायाला."

"मग वळलात कशाला?"

"मांगं काय परला ते बगाया नको?" ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच माझा प्रश्न समजला नव्हता.

घरी आल्यावर सासूने आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं की पुन्हा बोलावलं तर वळायचं नाही, दगडासारखं उभं राहायचं. नवरा ओटीवर त्यांची तालीम घेऊ लागला. मागे जाऊन कधी पाट आपटायचा, कधी घमेलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर दादांना फारसं कळत नसे, पण घमेलं जवळ पडलं की त्यांच्या खांद्याला हिसका बसेच. शेजारच्या बायका बघायला जमत. दादा स्वतःही हसत. चार दिवसांनी मात्र त्यांनी ते घमेलं उचललं, माजघरात नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "मी बहिरा हाय. बहिऱ्याचा सोंग मना जमत न्हाय." तो विषय तिथेच संपला. माझ्या नवऱ्याला राग आला होता. मला आला नाही. मला त्यांच्याकडे बघून वाटलं, की या माणसाचे कान गेल्यावर त्याचं सगळं अंगच कान झालंय आणि सरकारला ते चालत नाही.

अपिलाचे अर्ज मी लिहीत राहिले. या वेळी राग बाजूला ठेवून सगळं सविस्तर लिहिलं, फळ्यांची जमीन, अनवाणी पाय, लाँचचं इंजिनही. मास्तर म्हणाले, इंजिनाचं काढून टाक, उलटं धरतील. मी काढलं नाही. खरं ते सगळं लिहायचं असं दादांनीच बजावलं होतं. दोन वर्षं गेली. मधल्या काळात मला दोन मुलं झाली, मास्तरांची बदली झाली, नवे मास्तर आले. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग हुकूम आला, पुन्हा हजर राहा.

इमारत तीच, खोली तीच, फळ्याही त्याच. साहेब मात्र नवे होते. मधल्या खुर्चीवर पिकल्या केसांचे, बुटके, कोटाची बटणं ताणलेली, असे एक डॉक्टर होते. बोलत मराठी, घाटावरच्या हेलाची. त्यांच्यापुढे माझा अर्ज उघडा होता.

"हा कुणी लिहिला?" त्यांनी दाराकडे बघून विचारलं.

"मी, साहेब."

"आत या."

मी आत गेले. ते म्हणाले, "तुम्ही लिहिता की यांना पायातून कळतं. मग आम्ही तपासायचं कसं?"

हा प्रश्न मी दोन वर्षं रोज स्वतःला विचारला होता. मी म्हटलं, "साहेब, यांना गादीवर उभं करा."

बाजूचे साहेब काही तरी इंग्रजीत पुटपुटले. पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि शिपायाला वॉर्डातून दोन गाद्या आणायला पाठवलं. त्या काथ्याच्या जाड गाद्या एकावर एक ठेवल्या. दादा त्यांवर चढले. उभे राहताना तोल जात होता म्हणून मी हात धरू लागले, तर डॉक्टरांनी मला खुणेने बाजूला केलं. ते स्वतः दादांच्या मागे गेले आणि तबक सोडलं.

आवाजाने मी दचकले. खिडकीतलं कबुतर उडालं. दादा समोर भिंतीकडे बघत, तोल सांभाळत, तसेच उभे होते. डॉक्टरांनी पुन्हा सोडलं. मग त्यांनी स्वतःच टाळी वाजवली, अगदी कानामागे. मग शिपायाला सांगून दार धाडकन लावलं. काही नाही. दादांच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच होतं, की हे लोक मला गादीवर किती वेळ उभं करणार.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर होते, पण त्यांच्याभोवती किती शांतता आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवून खुर्चीत बसवलं. मग खणातून एक पेटी काढली. तिच्यात दोन दातांच्या काट्यासारखी लोखंडी हत्यारं होती, लहानमोठी पाच. पुढे मुलांच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं की त्याला नादकाटा म्हणतात. त्यांनी एक काटा गुडघ्यावर आपटून दादांच्या कानाशी धरला. दादांनी मान हलवली, नाही. दुसऱ्या कानाशी धरला, नाही. मग कानामागच्या हाडावर त्याचा दांडा टेकवला.

दादांनी डोळे मिटले. त्यांनी डॉक्टरांचा हात हळूच धरला, काटा हाडावरून काढून घेतला आणि दांडा दातांत धरला. काटा थरथरत होता तोवर ते तसेच बसले. मग तो परत देत म्हणाले, नेहमीसारखंच मोठ्याने, "घोलीपेक्षा बारीक हाय हा."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी त्यांना घोळीचं सांगितलं, वल्ह्याचं सांगितलं. भीत भीतच सांगितलं.

डॉक्टरांनी दादांचे डोळे फडक्याने बांधले. मग पेटीतले पाचही काटे एकेक करून आपटून त्यांच्या दातांत दिले आणि पहिला, दुसरा असा प्रत्येकाचा नंबर त्यांच्या तळहातावर बोटाने काढला. मग उलटसुलट करून पुन्हा द्यायला सुरुवात केली. दादा बोटं दाखवू लागले. तीन. एक. पाच. पुन्हा तीन. एकही चुकला नाही. बाजूचे दोन्ही साहेब खुर्चीतून उठून जवळ आले होते. त्यांतल्या एकाने स्वतः एक काटा आपटून दातांत धरून पाहिला आणि वेड्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. फडकं सोडलं तेव्हा पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी दादांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तसेच उभे राहिले. देवळात गाभाऱ्यापुढे माणूस उभा राहतो, तसे. साहेब माणसाला मी त्याआधी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग ते टेबलापाशी गेले आणि लेखणी हातात घेऊन थांबले. बाजूच्या साहेबांशी त्यांचं इंग्रजीत काही बोलणं झालं, थोडं चढ्या आवाजात. मला वाटलं, संपलं. आता म्हणणार, याला कळतं, म्हणजे हा बहिरा नाही. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, हे सगळं मी लिहिलं तर वरच्या कचेरीतला माणूस हुशारी करील. म्हणेल, ऐकू येतं. न लिहिलं तर मी खोटं लिहिलं असं होईल का?"

मी दादांकडे तोंड केलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगितलं.

दादांनी टेबलावरचा छापील कागद पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "कागदान काय इचारलंय? कान का दात?"

डॉक्टर मोकळेपणाने हसले. "कान," ते म्हणाले, ओठ नीट उघडून. "कानच विचारलेत. दात विचारलेले नाहीत." आणि त्यांनी लिहायला घेतलं.

पेन्शन मंजूर झाली, पण अर्धी आणि दोन वर्षांपुरतीच. दोन वर्षांनी पुन्हा बोर्ड, बहिरेपण टिकून आहे का ते पाहायला. आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा दुसरेच डॉक्टर होते, पण जुन्या कागदावर कुणीतरी लाल शाईने 'गादीवर उभे करून तपासावे' असा शेरा मारून ठेवला होता, म्हणून निभावलं. त्यानंतर आणखी एकदा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर एक-दोन वर्षांनी कागद आला की आता यांना पुन्हा तपासणीला यायची गरज नाही, बहिरेपण कायमचं धरलं आहे.

तोवर आसपासच्या गावांतून माणसं माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायला लागली होती. एकाचा हात गोदीत गेलेला, एकाचा डोळा. मी लिहायला बसण्याआधी प्रत्येकाला आधी काम करताना बघत असे. हात गेलेला माणूस उरलेल्या कोपराने आणि दातांनी नारळ सोलताना मी पाहिलाय. प्रत्येक वेळी तेच वाटे. जे गेलं ते कागदावर चार शब्दांत मावायचं, आणि त्याच्या जागी जे उगवलं होतं त्याला कुठलाच रकाना नव्हता.

तो शेवटचा कागद आला त्या दिवशी दुपारी मी तो सासूला वाचून दाखवला. ती वाळूत सुके बोंबील उलटत होती. म्हातारी झाली होती, नजर कमी झाली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी वरसं लागली त्यांना? मना एक दिवस बोलवला असता तर मी सांगतली असती."

"काय सांगितलं असतंत?"

पलीकडे दादा आमच्याकडे पाठ करून जाळं विणत बसले होते. तिने त्यांना हाक मारली. त्यांच्या लहानपणीच्या लाडाच्या नावाने, जे मी त्या घरात दहा-अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. मऊ वाळू होती, वारा समुद्राचा होता. तिने पुन्हा एकदा हाक मारली, जरा मोठ्याने. मग कमरेवर हात ठेवून उठली, वाळूतून हळूहळू चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी वर पाहिलं.

"जेवाया चल," ती म्हणाली.